१३ मुलांची शाळा हलवण्याआधी जुलैत एकदा आमच्यासोबत चालून या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
आमची जिल्हा परिषद

माहितीसाठी: वाडीतले आणि मुंबईतले सर्व ग्रामस्थ

सप्रेम नमस्कार.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेत एक कागद आला. पहिली ते पाचवीची आमची शाळा येत्या जूनपासून गावातल्या मोठ्या शाळेत ‘समायोजित’ करण्याचं, म्हणजे तिच्यात विलीन करण्याचं, प्रस्तावित आहे, पालकांची संमती घेऊन आठ दिवसांत कळवावं, असं त्यात लिहिलं होतं. सोबत संमतीपत्राचे १३ नमुने होते. मजकूर आधीच छापलेला: ‘माझी काही हरकत नाही.’ खाली सहीपुरती जागा. ज्याची हरकत असेल त्याने ती कुठे लिहायची, त्यासाठी कागदावर एक ओळही ठेवली नव्हती.

आम्ही ते नमुने कोरेच परत पाठवले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत शाळा आहे तिथेच राहावी असा ठराव केला. ठराव मिळाल्याची पोच आमच्याकडे आहे, उत्तर मात्र अजून आलेलं नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

मी कोण ते आधी सांगते. मी याच वाडीत अंगणवाडी सेविका आहे. माझी मुलगी या शाळेत दुसरीत शिकते आणि शाळा व्यवस्थापन समितीत मी पालकांच्या वतीने बसते. एवढ्यावर कदाचित मी अर्ज-विनंत्यांवर थांबले असते. पण माझ्या माहेरच्या वाडीतली शाळा सहा वर्षांपूर्वी अशीच हलवली गेली. पुढे तिथे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते पुन्हा इथे होऊ घातलं असताना गप्प बसणं मला जमणार नाही.

माहेरच्या शाळेचा पट तेव्हा ९ होता. मुलांना ने-आण करायला गाडी मिळेल असं पालकांना तोंडी सांगितलं होतं. गाडी आलीही. ऑगस्टपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती चालली. मग गाडीवाल्याने सांगितलं की बिल निघालेलं नाही, डिझेल स्वतःच्या खिशातून घालून तो किती दिवस येणार? त्या दिवसापासून मुलं चालत जाऊ लागली, एका बाजूचे तीन किलोमीटर. पाचवीतल्या दोन मुलींना घरच्यांनी फेब्रुवारीत थांबवलं, वाटेत जंगलाचा पट्टा आहे म्हणून. माझ्या भावाची मुलगी तिसरीत होती. तिला नालासोपाऱ्याला तिच्या मामाकडे पाठवलं. आठ वर्षांचं पोर आईपासून तुटलं आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सातवं माणूस म्हणून राहायला गेलं. पुढच्या वर्षी तिच्या मागोमाग माझा भाऊ आणि वहिनीही गेले. आज त्या वाडीत अकरा घरांपैकी सहा घरांना कुलूप आहे. ती फक्त गणपतीत उघडतात.

गेल्या मे महिन्यात मी त्या शाळेच्या खिडकीतून आत पाहिलं. वर्गात ब्लीचिंग पावडरच्या गोण्या रचलेल्या होत्या. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूचं लिखाण अजून होतं: पट ९, हजर ७. तारीख पुसट झाली होती, आकडे मात्र स्पष्ट होते.

आता आमच्या शाळेबद्दल.

आपल्या प्रस्तावात आमची शाळा आणि मोठी शाळा यांतलं अंतर ०.९५ किलोमीटर दाखवलं आहे. हा आकडा कुठून आला हे मी विचारलं, तर नकाशावरून घेतल्याचं कळलं. नकाशावर सरळ रेघ ओढली की ती वहाळावरून म्हणजे ओढ्यावरून, गडग्यांवरून म्हणजे दगडी कुंपणांवरून, एका खाजगी आमराईतून जाते. पोरांना तसं जाता येत नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघी बायका गवंड्याची ३० मीटरची फीत घेऊन निघालो. आमच्या शाळेच्या पायरीपासून त्या शाळेच्या पायरीपर्यंत फीत ६४ वेळा पूर्ण पडली, वर १२ मीटर उरले. म्हणजे १,९३२ मीटर. सगळ्यात वरचं घर आमच्या शाळेपासून आणखी चारशे मीटर चढावर आहे, ते यात धरलेलं नाही.

ही वाट कशी आहे तेही सांगते, कारण कागदावर वाट दिसत नाही. आधी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट उतरायची, १४० पायऱ्या, त्यातल्या बऱ्याच चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं. मग वहाळ. वहाळावर साकव, म्हणजे फळ्यांचा लहान पूल आहे, त्याचा एका बाजूचा कठडा तीन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. मग शेताच्या बांधावरून पलीकडचा चढ. मी माझ्या मुलीला मागच्या जुलैत डॉक्टरकडे नेताना याच वाटेने नेलं. वहाळाचं पाणी साकवाच्या फळ्यांना खालून थडकत होतं आणि फळ्या पायाखाली हलत होत्या. सात वर्षांचं मूल मी कडेवर घेतलं. तिने डोळे मिटून माझ्या गळ्याला मिठी मारली, ती पार डांबरी रस्ता लागेपर्यंत सोडली नाही. येत्या जुलैत तिने हीच वाट रोज दोनदा, दप्तर घेऊन, एकटीने चालायची, असं आपल्या कागदाचं म्हणणं आहे. लावणीच्या दिवसांत घरातलं मोठं माणूस सोबत जाईल ही अपेक्षा करू नका. त्या दिवसांत सकाळी सहाला अख्खी वाडी चिखलात असते. आणि साकवावरून पाणी गेलं तर उरतो तो डांबरी रस्ता, मोटारसायकलच्या आकड्यावर सव्वाचार किलोमीटर. त्यावर एसटी दिवसातून दोनदा येते, तीही शाळेच्या वेळेला नाही. मुलींना एसटीचा मोफत पास आहे हे मला ठाऊक आहे. तो पाचवीपासून पुढे मिळतो. पहिलीतल्या मुलीने काय करायचं?

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असं आहे. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत तर असंही म्हटलं आहे की जिथे दरडी, पूर, रस्त्याचा अभाव असा लहान मुलांना धोका असेल तिथे हे अंतर आणखी कमी करावं. ०.९५ हा आकडा एक किलोमीटरच्या आत अगदी नेमका बसतो. १.९३ बसत नाही. जाणूनबुजून कुणी असं केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या आकड्यावर १३ मुलांचं शिक्षण टांगलेलं आहे, तो जागेवर येऊन मोजण्याची तसदी कुणीतरी घ्यायला हवी होती.

दुसरी तक्रार पटाची. प्रस्तावात लिहिलंय की पट ‘सातत्याने घटत आहे’. तो का घटला याचा एक शब्द नाही. २०२२ च्या जूनमध्ये या शाळेत २२ मुलं आणि दोन शिक्षक होते. त्या वर्षी गुरुजींची आंतरजिल्हा बदली झाली. आपल्या गावाजवळ जायची त्यांची इच्छा होती, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यांच्या जागी आजपर्यंत कुणी आलं नाही. तेव्हापासून बाई एकट्या पाच वर्ग सांभाळतात. आसपासच्या शाळांच्या केंद्रावर बैठक असली की शाळा अंगणवाडीच्या भरवशावर, म्हणजे माझ्या. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या. मतदार यादीचं काम, प्रशिक्षण, प्रत्यक्ष मतदान यांत बाईंचे किती दिवस गेले याची नोंद हजेरीपुस्तकात आहे, ती आपण पाहावी. निवडणुकीचं काम कायद्यानेच शिक्षकांना दिलं आहे हे मान्य. पण एकशिक्षकी शाळेतून तो एक शिक्षक उचलला की त्या दिवशी शाळा उरत नाही, याचा विचार कुणी केला? शाळेत मोबाईलला रेंज नाही. ऑनलाइन माहिती भरायला बाई दुपारी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर जातात आणि उन्हात उभ्या राहून आकडे भरतात.

हे दोन वर्षं पाहिल्यावर पाच घरांनी मुलं तालुक्याच्या गावी नेली. तिथे खोल्या भाड्याने घेतल्या, आई मुलांसोबत तिकडे, बाप इथे गुरांपाशी. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. २२ चा पट १३ वर आला तो असा. शिक्षक दिला असता तर ही नऊ मुलं आज इथेच असती. जागा रिकामी ठेवायची, मुलं कंटाळून गेली की ती मोजायची, आणि कमी भरली म्हणून शाळा हलवायची, हा न्याय आम्हाला समजत नाही.

त्यातही प्रस्तावातला पट १३ नाही, १२ आहे. तिसरीतल्या एका मुलाच्या आधार कार्डावर नावात एक अक्षर चुकलंय, म्हणून संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्या हिशोबात, तो धरला गेलेला नाही. तो रोज पहिल्या रांगेत बसतो. दुरुस्तीसाठी त्याच्या आजीने तालुक्याला तीन फेऱ्या मारल्या आहेत, प्रत्येक वेळी एका दिवसाची मजुरी बुडवून.

पुढचा हिशोब माझ्या रजिस्टरात आहे. माझ्या अंगणवाडीत आज ६ मुलं आहेत. जूनमध्ये तीन मुलं पाचवी होऊन बाहेर पडतील आणि अंगणवाडीतली दोन पहिलीत येतील. त्याच्या पुढच्या वर्षी एक बाहेर पडेल आणि तिघं येतील. शिवाय तालुक्याला गेलेल्या पाच घरांपैकी तीन घरांनी आम्हाला लिहून दिलं आहे की दुसरा कायम शिक्षक आला तर त्यांची पाच मुलं परत येतील. हे कागद ठरावासोबत जोडले होते. कुणी वाचले असते तर ‘सातत्याने घटत आहे’ हे शब्द तिथे राहिले नसते.

हा प्रश्न एकट्या आमच्या वाडीचा नाही हे मला माहीत आहे. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळा’, म्हणजे अनेक लहान शाळांची मिळून एक मोठी शाळा, करण्याबद्दल पत्र निघालं, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा राज्याचा आकडा १४,७८३ असा सांगितला गेला आणि त्यांत शिकणारी मुलं १ लाख ८५ हजारांहून जास्त. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. त्यात वीसपर्यंत पटाच्या शाळेला एकच नियमित शिक्षक धरला आणि दुसऱ्यासाठी निवृत्त शिक्षकाची वाट काढली. कायद्याच्या परिशिष्टात मात्र साठपर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा दोन म्हणतो. तो शासन निर्णयाने दीड कसा होतो?

समूह शाळेच्या बाजूने जे बोललं जातं ते मी ऐकलं आहे, आणि त्यातलं सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. १३ मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. चौथीत आमच्याकडे एकच मुलगी आहे. तिला अभ्यासात बरोबरीचं कुणी नाही, ती कधी कधी तिसरीच्या बाकावर जाऊन बसते. मोठ्या शाळेत ग्रंथालय आहे, संगणक आहे. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचं उदाहरण आम्हाला दिलं जातं. तिथे गाड्यांची सोय उभी करून मुलं एकत्र आणली गेली. आमच्या प्रस्तावात गाडीचा उल्लेख ‘आवश्यकतेनुसार वाहतूक भत्ता’ एवढाच आहे. गाडी साकवावरून येत नाही, आणि भत्त्याने वहाळ ओलांडता येत नाही.

मुलांना एकमेकांत मिसळायला हवं तर त्यालाही मार्ग आहे. डिसेंबर ते मे वाट कोरडी असते. त्या महिन्यांत आठवड्यातला एक दिवस केंद्रातल्या सगळ्या लहान शाळा मोठ्या शाळेत एकत्र भरवा, खेळ घ्या, पुस्तकं द्या. आम्ही पालक पाळीपाळीने सोबत चालत येऊ. हे आम्ही ठरावातही लिहिलं आहे. लहान शाळा म्हणजे कमी प्रतीची शाळा हेही खरं नाही. २०२० साली ज्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. तीही एक वाडीच.

आमच्या शाळेची इमारत जिल्हा परिषदेच्या दप्तरी ‘मालमत्ता’ आहे. ती कशी उभी राहिली हे दप्तरात नसेल. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये स्थापन झाल्या, त्यानंतर चार-पाच वर्षांनी ही शाळा झाली. जागा वाडीतल्या एका घराने दिली, एक पैसा न घेता. चिरे सड्यावरच्या खाणीतून बायकांनी डोक्यावरून आणले. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्या आजही पश्चिमेची भिंत दाखवून सांगतात, ‘ह्यातले चिरे मी आणलेत.’ त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नाहीत. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने वर्गणी काढून फरशी घातली, टीव्ही दिला आणि गेल्या मे महिन्यात कौलं बदलली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई विधवा आहेत, मानधनावर त्यांचं घर चालतं. त्यांचं काय होणार हे प्रस्तावात शोधलं, सापडलं नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जो पालक मूल शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड होता. शंभर वर्षांपूर्वी एक राजा आईबापांना बजावत होता की मूल शाळेत पाठवा. आज आईबाप हात जोडून सांगत आहेत की आमची मुलं शाळेत यायला तयार आहेत, तुम्ही शाळा नेऊ नका.

आमचं मागणं पुढीलप्रमाणे आहे. समायोजनाचा प्रस्ताव रद्द करा, आणि तो रद्द केल्याचं लेखी कळवा. ज्या शाळांच्या बाबतीत अंतराचा प्रश्न आहे तिथलं अंतर नकाशावर न मोजता पायवाटेने, पावसाळ्यात, पालकांसमोर मोजा आणि त्याचा पंचनामा शाळेत लावा. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी आमच्याकडे दोन नियमित शिक्षक हवेत. बाईंना निवडणूक किंवा बैठकीसाठी बोलावलं तर त्याच दिवशी केंद्रातून दुसरा शिक्षक यावा. आधारमधल्या चुकीमुळे पटावरून वगळलेलं मूल हजेरी पाहून पटावर घ्या. साकवाचा कठडा मेअखेरीस बसवा, शाळा राहो न राहो, ती वाट आम्ही वापरतोच.

आणखी एक, हे मी माझ्या माहेरासाठी मागते. मागच्या दहा वर्षांत जिल्ह्यात ज्या शाळा बंद झाल्या किंवा हलवल्या, त्या प्रत्येक शाळेतलं प्रत्येक मूल आज कुठे शिकतं आहे, की शिकत नाही, याची यादी जाहीर करा. नावं छापू नका, आकडे द्या. किती जण मोठ्या शाळेत टिकले, किती दुसऱ्या गावी गेले, किती घरी बसले. ही माहिती हाती नसताना नवीन शाळा हलवायला घेणं मला पटत नाही. माझ्या माहेरच्या नऊ मुलांची यादी माझ्याकडे तयार आहे, मागाल तेव्हा देते.

आपण दोघांनी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या वाडीत यावं, असं आमंत्रण या पत्रानेच देते. वेगळी तयारी नको. सकाळी साडेआठला शाळेपाशी या, आम्ही मुलांना दप्तरं पाठीला लावून उभं करू आणि सगळे मिळून मोठ्या शाळेपर्यंत चालत जाऊ. छत्री आणू नका, वहाळापाशी वाऱ्याने ती उलटते. रेनकोट आणा, नसेल तर आमच्याकडे इरली आहेत. मुलांतल्या एकेकाचा हात मोठ्या माणसाने धरायला लागेल. पहिलीत तेव्हा दोघं असतील, त्यांचे हात आपण धरावेत.

आपली,
एक पालक आणि अंगणवाडी सेविका,
शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने